जावई, पाऊण इंची

सुटीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं वर दिसलं की शेजारपाजारच्यांना कळायचं, यांच्याकडे आज काहीतरी शिजतंय. या घराला भांडायलासुद्धा दुकानच लागायचं. वरच्या मजल्यावर चांगल्या चार खोल्या होत्या, मऊ खुर्च्या होत्या, पण तिथं बसून कुणाला मनातलं बोलणं जमलं असेल तर शपथ. खाली नळ, पाइप आणि वायसरांच्या खोक्यांमध्ये उभं राहिलं की मात्र एकेकाला कंठ फुटायचा.

आज सकाळी दहालाच चौघं खाली उतरली होती. काउंटरमागे आपल्या उंच स्टुलावर थोरली. समोर हाताची घडी घालून भाऊजी, म्हणजे तिच्या दिवंगत नवऱ्याचे धाकटे भाऊ. माल उतरवायच्या बाकावर भाऊजींची बायको, जिला सगळं घर धाकटी म्हणायचं, अगदी ती शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली तरी. आणि मधोमध, कॉम्प्युटरपुढे, धाकटीची लेक किल्ली. हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एकदा बोलायला लागली की किल्लीच्या खेळण्यासारखी, दिलेली किल्ली संपेपर्यंत थांबायची नाही, म्हणून ते चिकटलं ते चिकटलंच. आज मात्र ती गप्प होती आणि नखं खात होती.

या सगळ्याला कारण होतं कोपऱ्यावरचं काचेचं दुकान. दीड वर्षापूर्वी ते उघडलं आणि लोकांना फोनवर बोट टेकवलं की तासाभरात नळ दारात मिळायला लागला. निम्मे प्लंबर तिकडे गेले. आणि महिन्यापूर्वी त्यांचाच माणूस येऊन म्हणाला, तुमची जागा, आमचं नाव. काउंटर काढायचा, रॅकही काढायचे. फोनवर मागवलेली पार्सलं इथून द्यायची, बस्स. भाऊजींनी महिन्याची मुदत मागून घेतली होती. ती आज संपत होती. एक वाजता तो माणूस कागद घेऊन येणार होता.

त्या कागदांना दुकानाचा एक नकाशा जोडलेला होता. भाऊजी अंघोळीला गेले असताना थोरलीनं तो उलगडून पाहिला होता. ती चौतीस वर्षं जिथं बसत आली होती, बरोब्बर त्या जागी एक चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, पार्सलचं कपाट. तिनं नकाशा पुन्हा घडी घालून ठेवला आणि कुणाला काही बोलली नाही.

किल्लीनं आठ महिने खपून, नोकरी सांभाळून, दुकानासाठी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. "बाबा, एकदा माझं बघा, मग काय सह्या करायच्या त्या करा," असं तिनं भाऊजींकडून कबूल करून घेतलं होतं. भाऊजींनीही परीक्षा अगदी चोख काढली होती. चाळीस इमारतींची ती मोठी वसाहत, तिच्या ऑफिसातून त्यांनी एक छापील यादी आणली होती. बारा वस्तू. कुठली आहे, किती आहे, कुठल्या रॅकवर आहे, ते मशिननं सांगायचं.

"बारातल्या दहा आल्या तरी मी त्या माणसाला दारातून परत पाठवतो," भाऊजी म्हणाले. "शब्द आहे माझा."

"आणि वसाहतीला वर्षभर माल पुरवायचं काम?" किल्लीनं विचारलं.

"तेही मागायला जातो. आधी बारा तर होऊ देत."

या प्रोग्रॅममध्ये काय भरलंय ते थोरलीला माहीत होतं. भरवणारी तीच होती.

"पाऊण इंची ब्रास मेल अडॅप्टर," भाऊजींनी शुद्धलेखन घातल्यासारखं वाचलं.

किल्लीनं टाइप केलं. पडद्यावर आलं, सापडलं नाही.

"असेल काहीतरी. पुढचं सांगा."

"पंचेचाळीस अंशाचा एल्बो, अर्धा इंची."

सापडलं नाही.

"हेक्स निपल."

सापडलं नाही.

सहावी वस्तू झाली तेव्हा किल्लीचे कान लाल झाले होते. बारावी झाली तेव्हा भाऊजींनी यादी हळूच उलटी करून ठेवली. आपलं खरं ठरलं की खूश व्हावं हेही त्या माणसाला कधी जमलं नाही. उलट लेकीचा चेहरा पाहून त्यांनाच कसंसं झालं.

"माल तर डोळ्यांसमोर आहे!" किल्ली ओरडली. "चार नंबरच्या रॅकवर जोडण्यांचे ढीग आहेत. थांबा, सगळी यादीच उघडते." तिनं ती उघडली आणि वाचायला लागली. "जावई, पाऊण इंची, एकशे चाळीस नग, रॅक चार. अर्धा रुसवा, नव्वद नग. पुरा रुसवा. मौनी, एक इंची. जावा-जावा, अर्धा इंची..." ती वळली. "आई. हे काय आहे?"

"काय म्हणजे? मालाची नावं," धाकटी ताठ बसून म्हणाली. आठ दिवस थोरली खोकी बघून सांगत होती आणि धाकटी टाइप करत होती. "ताईंनी सांगितलं तसं मी लिहिलं. एक चूक दाखव. रुसव्याचा रु ऱ्हस्व आहे बघ."

"अगं पण जावई हे नळाच्या जोडणीचं नाव असतं का?"

"मला वाटलं, असेल कंपनीनं ठेवलेलं. मी जन्मात कधी नळ विकलाय?"

"आणि हे? 'भाऊजींची चूक, दोनशे नग.' हे लिहितानाही तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. बरं वाटलं."

"ती माझी चूक नव्हती," भाऊजी उसळले. "मी मागवलेल्या मालाचे आटेच उलटे निघाले."

"सहा पोत्यांचे?" धाकटी म्हणाली.

"विषय बदलू नकोस! आयुष्यात एकदा दुकानाचं काम हातात घेतलंस, तर तेही डोकं न वापरता. पोरीची आठ महिन्यांची मेहनत पाण्यात घातलीस."

"आई, निदान एकदा मला विचारायचंस तरी," किल्ली म्हणाली. हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं होतं. तिचा आवाज चिरकला.

धाकटीनं पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागली. पन्नास-पन्नास पोरांच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारी ही बाई, पण नवरा आणि लेक एका बाजूला झाले की तिचा चष्मा हमखास धूसर व्हायचा. थोरलीनं हे आजवर शंभरदा पाहिलं होतं आणि शंभरदा ती धाकटीच्या बाजूनं उभी राहिली होती. आज तर सगळा दोष तिचाच होता, आणि तो पडत होता त्या बिचारीवर.

"तिला बोलू नका," थोरली म्हणाली. "ती चुकली नाही. मी तिला चुकवलं."

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"खोक्यावर काय छापलेलं असतं ते मला वाचता येतं, भाऊजी. लग्न होऊन आले तेव्हा नव्हतं लक्षात राहत. मग मी माझी नावं ठेवली, तुमचे भाऊ हसले आणि तेही तसंच म्हणायला लागले. जावई म्हणजे तो जोड, कुठल्याही घरच्या पाइपाला बसतो, पण टेपचे चार वेढे घालून मान दिल्याशिवाय बसायचा नाही. मान थोडीशी वळवलेला तो अर्धा रुसवा. पाइपाचं तोंड बंद करतो तो मौनी. दोन तोंडं दोन दिशांना, त्या जावा-जावा."

"ताई!" धाकटी म्हणाली.

"तू यायच्या आधीचं नाव आहे गं ते. पण छापील नावं मला पाठ आहेत. सगळी. मी ती मुद्दाम नाही सांगितली."

"का पण?" किल्लीनं विचारलं.

थोरलीनं काउंटरवरचा एक वायसर उचलला, बोटात फिरवला, परत ठेवला.

"पहिल्या दिवशी पहिलं खोकं हातात घेतलं. नाव अगदी ओठांवर आलं होतं. आणि मनात आलं, एकेक करून हे सगळं त्या मशिनमध्ये गेलं की मग मी कशाला? काचवाल्यांना माझ्या जागी कपाट हवंय, पाहिलाय मी नकाशा. तुझ्या मशिनला तर तेवढंही नको. म्हटलं, निदान नावं तरी माझ्यापाशी राहू देत. मशिनचं अडलं की कुणीतरी येईल विचारायला. मोठी आई, हे काय गं, म्हणून. तू एवढी मान मोडून काम करत होतीस, आणि मी हे केलं. लाज वाटते मला."

किल्लीनं पडद्यावरची यादी वरून खाली पुन्हा एकदा पाहिली.

"म्हणजे माझ्या प्रोग्रॅमला तू कुलूप लावलंस," किल्ली सावकाश म्हणाली.

"हो. किल्लीलाच कुलूप लावलं."

किल्लीला रडावं की हसावं कळेना. ती उठून काउंटरला वळसा घालून आली आणि थोरलीच्या खांद्यावर तिनं डोकं टेकवलं, ज्या जागी ती दुसरीत नापास झाल्यापासून टेकवत आली होती. "अगं, मला सांगायचंस ना वेडे," ती म्हणाली. आपण मोठ्या आईला वेडे म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक माणूस आत आला. वर्षानुवर्षं एका काडीला दोरा बांधलेला चष्मा घालणारा हा प्लंबर दुकानात चष्मेवाला म्हणूनच ओळखला जायचा. वसाहतीचं नळांचं सगळं काम तोच बघायचा.

"मावशी, शटर उघडं दिसलं म्हणून आलो. जावई आहेत म्हणे रॅक चारवर?"

"म्हणे म्हणजे? कोण म्हणालं?" भाऊजींनी विचारलं.

चष्मेवाल्यानं फोन पुढे धरला. किल्लीनं गेल्या आठवड्यात पाच-सात जुन्या प्लंबरांना एक नंबर दिला होता. हवं ते लिहून पाठवा, दुकान बंद असलं तरी मशीन उत्तर देईल. सकाळपासून ती परीक्षेच्या धास्तीत होती, तिकडे बघायलाच विसरली होती. चष्मेवाल्यानं लिहिलं होतं, 'जावई पाऊण २, अर्धा रुसवा ३.' आणि खाली पुढच्याच मिनिटाला उत्तर होतं, 'दोन्ही आहेत. रॅक चार. उद्या नऊला तयार मिळतील.'

किल्लीनं धावत जाऊन कॉम्प्युटरवर पाहिलं. सकाळपासून नऊ निरोप आले होते. नऊच्या नऊंना मशिननं उत्तर दिलं होतं.

"हे बरं केलंत," चष्मेवाला म्हणाला. "त्या काचेच्या दुकानात जावई मागितला की माणसं तोंडाकडे बघत बसतात. त्यांच्या फोनवर शोधला तर नवरदेवाचे सूट दाखवतो."

"मग छापील नाव टाकायचं," भाऊजी म्हणाले.

"ते मला कुठलं माहीत असायला, शेठ? मी ज्याच्या हाताखाली शिकलो तोही जावईच म्हणायचा. आख्ख्या गावातले प्लंबर म्हणतात."

"आणि त्याला कुणी शिकवलं?"

"मावशीनं. दुसरं कोण शिकवणार?"

भाऊजी दुकानदाराच्या पोटी जन्मलेले होते. त्यांनी उलटी ठेवलेली यादी सुलटी केली आणि चष्मेवाल्यापुढे धरली. "ही तुझ्याच वसाहतीची ना? कोण करतं ही?"

"मी तोंडी सांगतो. मग ऑफिसातला क्लार्क पुस्तकातली चित्रं बघून आपल्या मनानं नावं टाकतो. तिनातलं एक चुकतंच. गेल्या महिन्यात मागवला जावई आणि आला मौनी. एका इमारतीला चार दिवस पाणी नव्हतं, लोकांनी मला खायचं बाकी ठेवलं होतं."

"यात पंचेचाळीसचा एल्बो आहे. तू काय सांगितलं होतंस?"

"पंचेचाळीस-बिचेचाळीस नाही माहीत. मी पुरा रुसवा सांगितला होता. काटकोनातला."

"इथं अर्धा लिहिलाय."

"घ्या! म्हणजे परत बोंबला," चष्मेवाला म्हणाला.

थोरलीनं त्याला दोन जावई आणि तीन अर्धे रुसवे काढून दिले. तो शटरखालून वाकून निघून गेला.

भाऊजी बाकावर बसले, आणि बसले ते धाकटीला चिकटून. मघाशी जास्त बोलल्याची माफी ते याच पद्धतीनं मागायचे. धाकटीनं थोडं सरकून जागा दिली, म्हणजे माफी पोचली.

"बाबा," किल्ली म्हणाली, आणि आता तिला पुरती किल्ली मिळाली होती, "प्रोग्रॅम काय, उद्या कुणीही विकत आणेल. काचवाल्यांचा माझ्यापेक्षा दहापट भारी आहे, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या मशिनला छापील नावंच कळतात. आपल्याला माणसं काय म्हणतात ते कळतं, आणि ते फक्त मोठ्या आईनं मला फसवलं म्हणून! आता या नावांशेजारी छापील नावंही बसवली ना, तर प्लंबरनं त्याच्या भाषेत मागायचं आणि ऑफिसला छापील कागद आपोआप जाईल. मध्ये चुकायला कुणी उरणारच नाही. वसाहतीला हे दुसरं कोण देणार आहे? त्यांच्याकडे पैसा असेल, पण चौतीस वर्षांचं मागणं कुठून आणतील?"

"बोलतेय तर बरोबर," धाकटी म्हणाली.

"तुझीच मुलगी," भाऊजी म्हणाले. "आणि छापील नावं?"

तिघांच्या नजरा थोरलीकडे गेल्या आणि तिघांनीही त्या लगेच दुसरीकडे वळवल्या. किल्लीनं तिचा हात धरला.

"तुला नको असेल तर राहू दे हं. मशिनचं अडलं की मी तुला विचारीन. रोज विचारीन, खरंच."

ही पोर खरंच रोज विचारील, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. नोकरीवरून दमून येईल, प्लंबर खोळंबतील, वसाहतीचं काम हातचं जाईल, पण मोठ्या आईचं मन राखायला विचारत राहील. अशा लेकराला आपण अडकवून ठेवायचं? तिला स्वतःचाच राग आला.

"ये गं," ती धाकटीला म्हणाली. "बस कॉम्प्युटरवर. आणि या खेपेला डोकं वापरू नकोस, मी सांगते तसंच लिही."

धाकटी पदर खोचून बसली. थोरलीनं खोक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीकडे बघत ती एकेक नाव सांगत गेली. जावई म्हणजे ब्रास मेल अडॅप्टर, जावा-जावा म्हणजे हेक्स निपल, मौनी म्हणजे एंड कॅप. कुठल्या कंपनीचा नंबर काय, कुठला कुठल्याऐवजी चालतो, कुठला दिसायला तसाच पण गळतो. भाऊजी उभे राहून ऐकत होते. त्यांचाही जन्म या दुकानात गेला होता, पण यातलं निम्मं त्यांना माहीत नव्हतं.

एकला पाच कमी असताना किल्लीनं यादी पुन्हा घातली. बाराच्या बारा वस्तू सापडल्या.

काचवाल्यांचा माणूस बरोब्बर एकला आला. बूट चकचकीत, हातात कागदांची पिशवी. भाऊजींनी त्याला शटरच्या बाहेरच गाठलं.

"नाही जमायचं," ते म्हणाले.

"विचारू शकतो का, का?"

"घरातलं आहे," भाऊजी म्हणाले आणि त्याला चहाला न थांबवता निरोप दिला. या दुकानाच्या इतिहासात असा अपमान कुणाचा झाला नव्हता.

उरलेली नावं भरायला पुढचे सहा दिवस लागले. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की दोघी जावा मशिनपुढे बसायच्या, एक सांगायची, दुसरी लिहायची आणि मधूनमधून अर्थ कळला की खोखो हसायची. गुरुवारी वसाहतीच्या ऑफिसात किल्लीनं सगळं करून दाखवलं आणि चष्मेवाल्यानं त्या क्लार्कसमोरच टाळ्या पिटल्या. वर्षाचं काम मिळालं. सहाव्या दिवशी, चारच्या सुमाराला, सर्वांत वरच्या फळीवरचं शेवटचं खोकं उतरलं. थोरलीनं त्याची दोन्ही नावं सांगितली, धाकटीनं ती लिहिली आणि मग सांगायला काही उरलं नाही.

भाऊजींनी खुर्ची ओढली. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, ते मशिनला विचारायला लागले. मुद्दाम अवघड, मुद्दाम आडनिडं. मशीन पटापट उत्तरं देत होतं. पंधरा-वीस झाली तरी ते थांबेनात. थोरली काउंटरमागे बसून ऐकत होती. प्रत्येक उत्तर तिचंच होतं, तिच्याच शब्दांत होतं, आणि आता ते द्यायला तिची गरज नव्हती. तिनं हे आपल्या हातानं केलं होतं आणि तिला त्याचा पश्चात्ताप नव्हता, पण प्रत्येक उत्तर मशिनच्या आधी ती पुटपुटत होतीच.

शेवटी भाऊजींनी मशीन बंद केलं. ते उठले आणि रॅकवरचं एक सरळच असलेलं खोकं आणखी सरळ करत, तिच्याकडे पाठ करून बोलले.

"वहिनी, खरं सांगायचं तर आता तुमच्याशिवाय दुकान चालेल."

"माहीत आहे, भाऊजी," थोरली म्हणाली. तिनं स्टुलावरून उतरायला एक पाय खाली टेकवला. "तुमचं सगळ्यांचं चांगलं चालू दे."

"पुरतं ऐकून तरी घ्या," भाऊजी म्हणाले, आणि आता त्यांना वळावंच लागलं. "दुकान चालेल. आम्हाला नाही चालणार."